अक्कांचे सात आवाज

हिलालभाऊंशी माझी ओळख पाठीकडून झाली. मी खुर्चीत, तोंड कॉम्प्युटरकडे, आणि ते माझ्या मागे प्लास्टिकच्या स्टुलावर. तासभर ते तसेच बसून होते, आणि त्यांच्या देखत मी, चाळिशीला टेकलेला गणिताचा प्राध्यापक, पडद्यावर हातात बंदूक घेऊन पडक्या इमारतींमधून पळत होतो. मधेच मरत होतो, परत उठत होतो. आयुष्यात इतकी लाज मला पीएचडीच्या तोंडी परीक्षेतही वाटली नव्हती.

झालं होतं असं, की कॉलेज सुटल्यावर रोज तास-दीड तास गेम खेळण्याचं मला व्यसन आहे. बायको त्याला ‘सरांचं एक्स्ट्रा लेक्चर’ म्हणते. त्या उन्हाळ्यात गेम अडखळायला लागला. ऐन गोळी झाडायच्या क्षणी चित्र थिजायचं आणि सुटेपर्यंत मी मेलेला असायचो. मी इंटरनेटवर चार रात्री वाचून काढल्या आणि प्रोसेसर बदलायचाच असं ठरवून टाकलं. धुळ्यात अशा कामासाठी सगळे एकच नाव सांगत. मी दुकानात गेलो, प्रोसेसरचा नंबर कागदावर लिहून नेला होता तो पुढे केला. हिलालभाऊंनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“संध्याकाळी घरी येतो,” ते म्हणाले. “तुम्ही रोज खेळता तसं खेळा. मी मागे बसतो.”

हे मागे बसणं म्हणजे त्यांची काम करायची रीत होती. कोणालाही प्रोसेसर विकण्याआधी ते त्या माणसाच्या मागे तासभर बसून त्याचं काम पाहायचे. गिऱ्हाइकाची एवढी चौकशी मुलगी देणारा बापही करत नसेल. आमच्याकडच्या लोकांनाही याची सवय झाली होती. कोणी म्हणालं, की माझं मशीन स्लो झालंय, तर दुसरा पहिल्यांदा हेच विचारायचा, “हिलालभाऊ मागे बसून गेले का?”

तर त्या दिवशी मी दहा वेळा मेल्यावर त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. चित्राचा बारीकपणा कमी करायला सांगितला. त्याचं गणित असं, की चित्र ढोबळ केल्यावर गेम सुसाट पळाला तर दोष चित्र काढणाऱ्या कार्डाचा, आणि तरीही अडखळला तर प्रोसेसरचा. मी चित्र ढोबळ केलं. गेम होता तसाच अडखळत राहिला. मी विजयी मुद्रेने मागे वळलो. मी म्हणालो नव्हतो का, प्रोसेसरच!

हिलालभाऊंनी कॅबिनेटच्या अंगाला तळहात लावला. मग ते उठले, स्क्रू काढले आणि आत डोकावले. आमच्या घरामागे जिनिंग आहे. हंगामात कापसाचा तंतू हवेत इतका उडतो, की वाळत घातलेली काळी पँट संध्याकाळी पांढरी निघते. तोच तंतू प्रोसेसरवरच्या पंख्यात शिरून थरावर थर बसला होता. त्यांनी तो चिमट्याने काढला, दोन तळहातांमध्ये वळला आणि चांगली लांब वात करून माझ्या बायकोच्या हातावर ठेवली.

“वहिनी, बघा, देवघरात चालते का.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “डोकं ठीक शे सर. ताप चढेल शे.”

प्रोसेसर धड होता, नुसता तापला होता. गेम पळायला लागला. त्यांनी बशीतून चहा घेतला आणि ते निघून गेले. मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगतो, मी हिरमुसलो. खरेदीला निघालेल्या माणसाला ‘गरज नाही’ म्हटलं की त्याचा चेहरा सोयरीक मोडल्यासारखा होतो.

तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली असावी. काटक, सावळे, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. मूळचे धुळ्याजवळच्या खेड्यातले, शेतकरी घरातले. हिलाल हे नाव आमच्या खानदेशात शेतकऱ्यांच्या घरी सर्रास असतं, पण बाहेरच्या व्यापाऱ्यांना ते माहीत नसतं. हिलालभाऊंना दरवर्षी पार्सलसोबत ईदच्या शुभेच्छा यायच्या. ते कोणाची चूक दुरुस्त करायचे नाहीत. “शुभेच्छाच देऱ्हायना ना बिचारा,” म्हणून परत त्यालाही शुभेच्छा कळवायचे.

लग्न त्यांनी केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. दुकान पहिल्या मजल्यावर होतं, आणि दुकानामागे एक खोली होती. तिच्या चारही भिंतींना आणि छतालाही गोधड्या ठोकलेल्या होत्या. आवाज घुमू नये म्हणून. आत एक माईक, एक खुर्ची आणि त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर. आमच्याकडची अहिराणी गाणी, हळदीची गाणी, गावोगावच्या कलापथकांची गाणी त्या गोधड्यांच्या खोलीत तयार झाली आहेत. खानदेशातल्या लग्नांत जी गाणी वाजतात त्यांतली बरीचशी तिथून निघाली, पण कशावर त्यांचं नाव नाही. गोधड्या शिवल्या होत्या त्यांच्या थोरल्या बहिणीने, लीलाअक्कांनी. अक्का जळगावपलीकडे नशिराबादला दिलेल्या. आई लवकर गेली, हिलालभाऊंना अक्कांनीच वाढवलं. लग्न होऊन सासरी गेल्या तेव्हा सहा वर्षांचा भाऊ त्यांच्यासोबत गेला आणि तिथेच राहून शाळा शिकला. सासरच्यांनी कधी बोल लावला नाही असं हिलालभाऊ सांगायचे, आणि सांगताना दर वेळी डोळे पुसायचे.

प्रोसेसरला ते डोकंच म्हणत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “डोकं बदलाना आधी मान देख.” नवं डोकं घेतलं की त्याला धरणारा बोर्ड नवा लागतो, मेमरी नवी लागते, वीजपुरवठा तेवढा दमदार लागतो, हे गिऱ्हाइकाच्या लक्षातच नसतं. आणि दुसरं वाक्य तर मी माझ्या वर्गातही वापरलं आहे. कोणीही येऊन ‘भाऊ, बदलू का?’ म्हटलं, की ते विचारत, “काम अडनं का? अडनं व्हई तं आजच बदल. नही अडनं तं घर जाय.” बाजारात काय येणार आहे, कधी स्वस्त होणार आहे, याचा त्यांच्या हिशेबात प्रश्नच नसायचा. ते म्हणायचे, नवं तर रोजच येतं. ज्याचं काम आज अडलंय त्याला उद्याचं सांगणं म्हणजे भुकेल्याला पुढच्या हंगामातले दाणे दाखवणं.

यातला ‘आजच’ त्यांनी पाळला तो प्रसंग मी पाहिला आहे. प्रकाशभाऊ म्हणून एक पोस्टमन होते. दिवसा टपाल वाटायचे आणि संध्याकाळी भीमगीतं रचायचे, स्वतः गायचे, स्वतःच संगीत बसवायचे. एप्रिलचा पहिला आठवडा होता. जयंतीच्या कार्यक्रमासाठी त्यांचं मोठं गाणं चाललं होतं. ढोलकी, हलगी, कोरस, सगळे आवाज वेगवेगळे घेतलेले. त्यांचं मशीन इतके आवाज एकदम वाजवू शकत नव्हतं. वाजवलं की तडतड यायची आणि सगळं बंद पडायचं. ते दुकानात आले तेव्हा मी तिथे उगाचच बसलो होतो. त्यांचं घर मागच्याच गल्लीत, म्हणून मीही हिलालभाऊंसोबत गेलो.

त्या दिवशी ते तासभर बसले नाहीत. दहाच मिनिटांत उठले.

“अडनं,” ते म्हणाले. “आजच बदलनं पडी.”

पण हवा तो प्रोसेसर दुकानात नव्हता आणि नाशिकहून यायला आठवडा तरी लागणार होता. हिलालभाऊ दुकानात परत गेले, गोधड्यांच्या खोलीतला स्वतःचा कॉम्प्युटर उघडला, त्यातला प्रोसेसर बोर्डासकट काढला आणि प्रकाशभाऊंच्या मशीनमध्ये बसवून दिला. स्वतःच्या मशीनमध्ये माळ्यावरचा आठ वर्षांपूर्वीचा बोर्ड टाकला. प्रकाशभाऊ म्हणाले, “जयंती झाली की परत आणून देतो भाऊ.” हिलालभाऊ म्हणाले, “चालतं मशीन उघडायचं नसतं.” नाशिकहून मागवलेला प्रोसेसर आला खरा, पण तो येईपर्यंत दुसऱ्या कोणाचं तरी अडलं होतं, त्याला गेला. हिलालभाऊंच्या खोलीत जुनंच मशीन राहिलं. साधी गाणी त्यावर होत होती. माझं काय अडलंय, असं ते म्हणायचे.

त्यांचं काय अडलंय ते मला त्या वर्षीच्या श्रावणात कळलं.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघरी कानबाई बसते. नारळाची देवी, नथ-डोरलं घालून चौरंगावर मांडलेली. भाऊबंद जमतात, प्रसादाचे रोट होतात, बाया गाणी म्हणतात, आणि सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर विसर्जनाला नेतात. सगळं मिळून एका दिवसाचं पाहुणपण. अक्कांच्या घरचा नेम असा होता, की कानबाईची गाणी कानबाई पुढ्यात असतानाच म्हणायची. एरवी ती तोंडात घ्यायची नाहीत. कोणी कितीही गळ घातली तरी अक्का एक ओळ म्हणायच्या नाहीत. “ती ऐकाले शे का आठे?” ती, म्हणजे कानबाई, इथे ऐकायला आहे का, एवढंच विचारायच्या.

आणि अक्कांना येणारी गाणी दुसऱ्या कोणाला येत नव्हती. त्यांच्या सासूकडून आलेली, लांबलचक, वळणावळणांची, कुठे छापलेली नाहीत. पूर्वी सात बाया मिळून ती म्हणायच्या. एक पुढे, सहा मागे. त्यातल्या काही वारल्या, काही मुलांसोबत सुरतेला गेल्या. अक्का एकट्या उरल्या. त्यांचा गळा मात्र सत्तरीतही खणखणीत होता. हिलालभाऊंच्या मनात होतं, की सातही आवाज अक्कांचेच घ्यायचे. पहिला आवाज अक्का गातील, मग तो कानात ऐकत त्यावर दुसरा, मग तिसरा. मरायच्या आधी आपल्या हातून एवढं एक काम व्हावं, असं ते मला म्हणाले होते. दुसरी कसलीही इच्छा मी त्यांच्या तोंडून ऐकली नाही.

त्या श्रावणात ते जुनंच मशीन गाडीत घालून नशिराबादला गेले. मीही गेलो, मला कानबाईच्या रोटाचं आकर्षण होतं. रविवारी दुपारी अक्का कानाला हेडफोन लावून बसल्या. पहिला आवाज मिळाला. दुसराही मिळाला. तिसऱ्याच्या वेळी मशीन मागे पडायला लागलं. अक्का गायच्या ते त्यांच्याच कानात किंचित उशिराने पोचायचं. त्या गोंधळून थांबल्या.

“हाई कोण बोली ऱ्हायनं रे मना मांगे?”

सगळे हसले. हिलालभाऊ हसले नाहीत. त्यांनी काय काय उलटसुलट करून पाहिलं. उशीर कमी केला की तडतड यायची, तडतड घालवली की उशीर वाढायचा. मला एवढं कळत होतं, की यातून मार्ग होते. घेतलेले आवाज एकात मिसळून टाकायचे, मशीनचा भार हलका करायचा, नाहीतर हेडफोनमध्ये फक्त आधीचे आवाज सोडायचे. असल्या युक्त्या तेच तर साऱ्या जिल्ह्याला शिकवायचे. मी तसं म्हणालोही. ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले.

“अक्काचं काम जुगाडावर नाही करायचं, सर.”

अक्कांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. “जसं येई तसं घी ले ना रे भाऊ. माले काय सिनेमामा जानं शे?”

“नही अक्का. तुनं काम अर्धंमुर्धं नही करानं. येता साले देख, नवीन मशीन लई येस.”

आणि त्यांनी मशीन बंद केलं. अक्का मग सबंध संध्याकाळभर मोकळ्या गळ्याने गायल्या. आम्ही रोट खात ऐकत बसलो. माझ्या खिशात फोन होता. तो काढून नुसता चालू करावा, हे मला सुचलं नाही. तिथे बसलेल्या कोणालाच सुचलं नाही, कारण रेकॉर्डिंगचा जाणता माणूस समोर बसलेला आणि तो पुढच्या वर्षी करणार होता.

आता माझ्या पापाचं सांगतो. धुळ्याला परत आल्यावर हिलालभाऊ दुसऱ्याच दिवशी प्रोसेसर मागवायला निघाले होते. काम अडलं, तर आजच. त्यांचा नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता. मी दुकानात गेलो तेव्हा फोन त्यांच्या हातात होता. आणि मी, चार रात्री इंटरनेट वाचणारा शहाणा, म्हणालो, “भाऊ, आता घेऊ नका. थांबा. दिवाळीपर्यंत नवी पिढी येतेय. एका आवाजाचं काम जेवढ्या वेगाने होतं ना, त्यात फार मोठी उडी आहे. अक्कांचं काम आहे, सर्वांत चांगल्यावरच करा.”

ते शेवटचं वाक्य मी मुद्दाम टाकलं नव्हतं, पण ते बरोबर जागी लागलं. त्यांनी फोन खाली ठेवला. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर त्यांनी हसून घालवलं असतं. पण मी प्राध्यापक, वाचणारा माणूस. आणि कानबाईला तर अजून वर्ष होतं. दिवाळीत नवी पिढी आली. तिच्यासाठीचे बोर्ड सुरुवातीला गरम होतात अशा तक्रारी मी वाचल्या आणि इमानाने जाऊन सांगितल्या. हिलालभाऊ पुन्हा थांबले. एरवी लोकांना पाच वाक्यांत वाटेला लावणारा हा माणूस माझ्यासोबत तासन्‌तास बसून कुठल्या चाचणीत कोणता प्रोसेसर किती पुढे, याचे तक्ते बघू लागला. मला त्याचा अभिमान वाटायचा. मोठ्या माणसाला आपण काहीतरी शिकवतोय असं वाटायचं. मूर्खपणाला इतकी गोड चव असते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या आषाढात अक्कांच्या भाऊबंदांत कोणीतरी वारलं. सुतक आलं आणि त्या साली त्यांच्याकडे कानबाई बसली नाही. हिलालभाऊंनी मला ते दुकानात सांगितलं. मग म्हणाले, “चला, अजून एक वर्ष मिळालं.” मीही मान हलवली. त्या क्षणी आम्हा दोघांनाही ते बरंच झालं असं वाटलं होतं.

शेवटी हिवाळ्यात मशीन आलं. ते त्यांनी दोन दिवस खपून जोडलं. एकेक वायर अशी बांधली होती, की पाहात राहावं. माझ्यासमोर त्यांनी जुन्या गाण्यांचे शंभरावर आवाज एकदम वाजवून दाखवले. मशीनला त्याचं काहीच वाटलं नाही. आत पंखा फिरतोय की नाही हे कान लावून पाहावं लागत होतं. मी म्हटलं, एकदा गेम लावून बघू का? त्यांनी लावू दिला नाही. ते म्हणाले, यावर पहिलं काम अक्काचं. मग दुकानात गिऱ्हाइकं असतानाही ते अधूनमधून आत जायचे, मशीनवरचा कपडा सारखा करायचे आणि बाहेर यायचे.

फाल्गुनात अक्कांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. जळगावच्या दवाखान्यात तीन आठवडे ठेवलं. हिलालभाऊ दुकानाला कुलूप लावून गेले ते परत उघडायला आले नाहीत. चैत्रात एकदा येऊन नवं मशीन तेवढं गाडीत घालून घेऊन गेले. दुकान कोणाला तरी देऊन टाकलं. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. लोक मला विचारतात, सर, तुमचे ते भाऊ कुठे आहेत? ते नशिराबादला आहेत, अक्कांना भरवतात, फिरवतात, न्हाऊमाखू घालायला सुनांना मदत करतात. धुळे-नशिराबाद अंतर काही फार नाही, निघालं की दोन-अडीच तासांत पोचतो माणूस. पण त्याच वर्षीच्या श्रावणानंतर मी गेलेलो नाही. माझ्यात ती हिंमत नाही, असं सरळ लिहून टाकतो.

त्या श्रावणात मात्र गेलो होतो. त्यांनीच फोन करून बोलावलं, “सर, कानबाई बसतेय. या.” मी पोचलो तो सोमवार होता, सकाळचे साडेआठ-नऊ. ओसरीत भाऊबंद जमलेले, दारात वाजंत्री येऊन थांबलेली. आतल्या खोलीत चौरंगावर कानबाई, तिच्यासमोर पलंगावर तक्क्याला टेकवून बसवलेल्या अक्का. तोंड एका बाजूला ओढलेलं. डाव्या हाताची बोटं चादरीशी चाळा करत होती. पलंगाजवळ टेबलावर ते मशीन, आणि अक्कांच्या तोंडासमोर माईक.

रविवारी दिवसभर काही झालं नव्हतं. अक्का नुसत्या कानबाईकडे बघत राहिल्या होत्या. सकाळी आरती झाली आणि त्यांच्या तोंडून सूर निघाला, असं थोरल्या सुनेने मला हळूच सांगितलं. शब्द नाहीत, नुसता सूर, पण त्याच गाण्याचा. म्हणून हिलालभाऊंनी घाईघाईने सगळं मांडलं होतं.

मी दारातच उभा राहिलो. अक्कांनी पुन्हा तोंड उघडलं. “आ… आ…” एवढंच. गाण्याचं पहिलं वळण ओळखू येईल इतकं खरं होतं. पुढे श्वास पुरेना. आवाज फाटला, थांबला, परत कुठून तरी उचलला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांचा उजवा हात उठत नव्हता. थोरली सून पदराने पुसायला पुढे झाली, तर हिलालभाऊंनी हाताने थांब म्हटलं. पदर माईकला लागला असता.

“मस्त ऊना अक्का,” ते म्हणाले. “आते दुसरा.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण त्यांनी खरंच अक्कांच्या कानाला हेडफोन लावला, पहिला आवाज ऐकवला आणि त्यावर दुसरा घेतला. मग तिसरा घेतला. अक्का काही मागत नव्हत्या, नकोही म्हणत नव्हत्या. भाऊ सांगेल तसं तोंड उघडत होत्या. दर वेळी सूर आखूड होत चालला. चौथ्यात तो नुसता कण्हल्यासारखा होता. मशीन कुठेही मागे पडत नव्हतं, एवढासाही उशीर नाही, एवढीशीही तडतड नाही. पडद्यावरचे प्रोसेसरचे आकडे तळाशी पडून होते. एवढ्याशा कामाची त्याला दखलही नव्हती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की भाऊ, बस करा, ती बाई थकली आहे. पण कोणत्या तोंडाने बोलणार होतो?

पाचव्या आवाजानंतर थोरली सून पुढे आली.

“मामा, आते उचलनं पडी. बाहेर बठ्ठा खोळंबेल शेतस.”

“जरासं थांबा.”

सहावा झाला. बाहेर वाजंत्र्यांनी सुरुवात केली. ओसरीतले लोक उठून उभे राहिल्याचा आवाज आला. दोघी सुना चौरंगाजवळ येऊन ओणवल्या, एकीने डोक्यावर चुंबळ ठेवली होती. हिलालभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. एका हाताने स्वतःचा हेडफोन कानावर दाबून धरला होता आणि दुसरा हात पंजा उघडून पाठीमागे केला होता.

“थांबा ना बाई, एकच ऱ्हायना,” ते म्हणत होते. “एकच. अक्का, गाय. गाय ना अक्का.”

अक्का गायल्या नाहीत. चौरंग उचलला गेला तशी त्यांची नजर त्याच्यासोबत वर गेली आणि तोंड मिटलं. ज्या नेमाने त्या जन्मभर गायल्या, त्याच नेमाने थांबल्या. हिलालभाऊंचा पंजा तसाच उघडा होता, पडद्यावर सातव्या आवाजाची रेघ सरळ पुढे सरकत होती, आणि सुना चौरंग घेऊन दाराकडे येत होत्या. दारात मी उभा होतो. त्यांना जायला वाट हवी होती, म्हणून मी बाजूला झालो.